टोपलीतली खुळखुळ

"आज माझ्या टोपलीचा काठ पुरा होणार म्हणजे होणार!" पळता पळता कमळ ओरडली.

"कालही हेच म्हणालीस. झालं काय? माकडाचं शेपूट!" मागून चंदूने टोमणा मारला.

"गप रे! उर्सुला, ह्याला कशाला आणलंस गं?"

"भाऊ तुझा आणि विचारतेस मला?" उर्सुला हसली.

बोरिवलीच्या पूर्वेला तेव्हा घरं संपली की लगेच जंगल लागायचं. त्याच्या कडेच्या पाड्यात सुंदराबाई बांबूच्या टोपल्या विणायची. मे महिन्याच्या सुट्टीत ही तिघं रोज तिच्या अंगणात ठाण मांडून बसत. रिकामी टोपली घराबाहेर धाडू नये, असा सुंदराबाईच्या घरचा रिवाज! म्हणून ती टोपलीला दुहेरी बूड करी आणि दोन बुडांच्या मधे भाताचे चार दाणे टाकून मगच वीण बंद करी. टोपली हलवली की आत खुळखुळ वाजे. चंदूला तर तेवढाच उद्योग!

पण आज अंगणात बांबूची एक कामटीसुद्धा नव्हती. सुंदराबाई उंबऱ्यावर बसून कोयतीला फडकं गुंडाळत होती.

"पोरांनो, विणणं संपलं. सोमवारपासून मी खाणीवर जाणार, खडी फोडायला."

"का?" तिघंही एकदम ओरडली.

"माल न्यायला येतो तो चंद्रप्रकाशशेठ धापा टाकत सांगून गेला, टोपल्यांना भुंगा लागला. सगळ्या जाळून टाकल्या म्हणे. माल विकला तर पैसे, असंच ठरलं होतं. आता कसले पैसे नि कसलं काय!" मग ती स्वतःशीच पुटपुटली, "अंधाऱ्या पंधरवड्यात तोडला होता बांबू. त्याला भुंगा लागतो होय?"

परत येताना कमळ वाटेतच थबकली. "ए, माझी टोपली त्याच बांबूची आहे ना? तिला एक भोक नाही!"

"थांब, थांब!" उर्सुलाचे डोळे चमकले. "माझी ल्युसीआंटी जुहूच्या हॉटेलात इस्त्रीला आहे ना? ती सांगत होती, तिथल्या दुकानात बांबूच्या टोपल्या आल्यात. परदेशी पाहुणे नुसते तुटून पडतात! दर शनिवारी एक शेठ माल आणतो. चालतो कमी, धापा टाकतो जास्त!"

"चंद्रप्रकाशशेठ!" चंदूने टाळी वाजवली. "उद्याच तर शनिवार!"

"उर्सुलाच्या आंटीकडे जातो," एवढं आईला सांगून तिघं सकाळीच निघाली. ते खोटं नव्हतंच मुळी! बस बदलत बदलत ती जुहूला पोचली. ल्युसीआंटीने त्यांना मागच्या फाटकातून आत घेतलं.

"फक्त बघायचं हां! गडबड केलीत तर माझी नोकरी जाईल."

दुकानात टोपल्या ऐटीत मांडल्या होत्या. कमळने हळूच एक उचलून कानाशी धरली.

खुळखुळ!

"तीच!" ती कुजबुजली.

"ए, कोण रे तुम्ही?" दारात मॅनेजरसाहेब उभे होते आणि त्यांच्या मागे घाम पुसत खुद्द शेठ!

उर्सुलाने कमळचा फ्रॉक ओढला. आंटीची नोकरी! पण फडक्यात गुंडाळलेली ती कोयती कमळच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"साहेब, टोपली फार छान आहे हो," ती गोड आवाजात म्हणाली. "ह्या कुठे बनतात?"

"माझ्या कारखान्यात, बेबी!" पोरांना न ओळखताच शेठ खूश झाला. "एक-एक टोपली माझ्या डोळ्यांसमोर बनते!"

"मग हिच्या बुडात काय आहे?"

"बुडात? बुडात काय असणार? हवा!" शेठ खो-खो हसला.

"हवा वाजते?" चंदूने विचारलं.

मॅनेजरसाहेबांनी टोपली घेऊन कानाशी हलवली. मग दुसरी. मग तिसरी. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"भाताचे दाणे आहेत, साहेब," कमळ म्हणाली. "नसले तर आम्हाला पोलिसात द्या. पण आंटीला काही बोलू नका!"

साहेबांनी खिशातून चाकू काढला.

"अहो, माल कापू नका!" शेठ किंचाळला.

"भुंगा बघतायत, शेठ!" चंदू म्हणाला.

बुडाची वीण सुटली आणि टपोरे पिवळे दाणे काउंटरच्या काचेवर टपटपले!

"कोणी टाकले हे? नाव सांगा," साहेबांनी विचारलं. शेठ घाम पुसत दाराकडे सरकला. मग कमळने सुंदराबाई, भुंगा, खाण असं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

साहेब शेठकडे वळले. "तिचे पैसे आजच्या आज चुकते करा. आणि पुन्हा इकडे फिरकू नका!"

सोमवारी साहेबांची गाडी पाड्यावर गेली. भाव सुंदराबाईने सांगितला आणि साहेबांनी तो कबूल केला. टोपल्यांवर चिठ्ठी लागली: 'विणणार सुंदराबाई, बोरिवली'. कोयतीचं फडकं सुटलं! ल्युसीआंटीची नोकरी शाबूत राहिली. वर साहेबांनी तिला विचारलं, "अशी आणखी भाचरं आहेत का हो तुमच्याकडे?"

सगळी हकीकत कळल्यावर कमळची आई आधी भडकली. "न सांगता असले उद्योग? काही झालं असतं म्हणजे?" मग तिने कमळला जवळ ओढलं. "पण बोललीस ते बरं केलंस हो!"

सुट्टी संपायच्या आत कमळची टोपली पुरी झाली. काठ अजून वाकडाच होता. तिने ती भीतभीत आईपुढे ठेवली. आईने टोपली उचलून कानाशी धरली आणि हळूच हलवली.

खुळखुळ!

"बघ, वाजतेय!" आई हसून म्हणाली. "कांदे ठेवूया हिच्यात. आणि कोणी विचारलं तर सांगेन, माझ्या कमळने विणलीय!"