टायरवरच्या चार ओळी

"माझ्या पात्यानं चिरलेला टायर शर्यतीत फाटून जावई गेला, असं माझी लेकच सांगत फिरते," उस्ताद म्हणाला. "खरं असेल तर मी भोगीन. खोटं असेल तर तिला सांगा. सहा महिने बोललेली नाही ती माझ्याशी."

झालं, आणखी एक रडगाणं, असं हवालदाराच्या मनात आलं. पोलिसातून निवृत्त होऊन तो खासगी गुप्तहेर बाईंच्या हाताखाली लागला होता. बाईंचं डोकं आज पोचायचं तिथं त्याचं परवा पोचायचं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

मातीच्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांचे टायर उस्ताद चिरायचा. टायर घोडीवर, म्हणजे फिरत्या लोखंडी स्टँडवर चढवायचा, पातं तापवायचं, रबराच्या एकेका ठोकळ्यात बारीक चीर द्यायची. त्यानं पकड वाढते.

"निम्म्या ठोकळ्यापर्यंतच," तो म्हणाला. "खाली गेलात की वळणावर ठोकळे उपटून येतात. जावई म्हणायचा, आणखी खोल द्या. मी साफ नाही म्हटलं. ही विद्या लेकीशिवाय कुणाला दिली नाही मी."

मोडकी गाडी जावयाच्या घरामागच्या शेडमध्ये पडून होती. बाईंनी मागच्या फाटक्या टायरच्या चिरांत कागदाची पट्टी खुपसून पाहिली. फाटण्यातून वाचलेल्या बहुतेक चिरा पाऊण ठोकळा खोल, सगळ्या सरळ. शेजारशेजारच्या चार ओळी मात्र निम्म्यावर थांबलेल्या.

"दमला असेल म्हातारा," हवालदार म्हणाला. बाईंनी त्या चार ओळी पुन्हा पट्टीनं मोजल्या.

जावयाचा थोरला भाऊ गाडीचा मेकॅनिक होता.

"शर्यतीच्या आदल्या दिवशी कुठं होतात?" बाईंनी त्याला विचारलं.

"ट्रॅकवर. जॅक, हत्यारं सगळं घेऊन सकाळीच गेलो होतो. गाडी इथंच होती. धाकट्याचा अंगठा भाजलेला, चमचा धरवत नव्हता, पण शर्यत सोडेल तर शपथ."

बाईंनी त्याला तापलेलं पातं देऊन जुन्या रबरावर चीर मारायला लावली. चीर नागमोडी गेली. हवालदाराला हे नाटक वाटलं. संशय याच्यावरच, त्यानं मनात पक्कं केलं.

उस्तादाची लेक दारातच उभी राहिली.

"पातं कधी हातात धरलंत?"

"कधीच नाही. ते बाबांचं काम. त्यांनाच विचारा माझा नवरा कसा गेला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिघांना उस्तादाच्या कारखान्यात बोलावलं.

"उस्ताद घोडीवर टायर फिरवून चिरतात," बाई म्हणाल्या. "त्यांच्या हातून चार ओळी वेगळ्या राहायचं कारण नाही. त्या चार ओळींची खोली म्हणजे त्यांचं मूळ काम. बाकीच्या नंतर कुणीतरी खोल केल्या, टायर गाडीला असताना. जमिनीला टेकलेल्या ओळींपर्यंत पातं पोचलं नाही."

"मग जॅक का नाही लावला?" हवालदार म्हणाला.

"जॅक ट्रॅकवर होता, आणि गाडी एकट्यानं ढकलता येण्याजोगी नाही. म्हणजे काम आदल्या दिवशी, शेडमध्ये झालं. थोरला तिथं नव्हता, शिवाय त्याला सरळ चीर येत नाही. धाकट्याचा अंगठा भाजलेला. जुन्या चिरेत नवी चीर इतकी नेमकी बसवणारा हात उस्तादांनी एकालाच शिकवला. आणि त्या हाताची मालकीण म्हणते, पातं कधी धरलंच नाही."

हवालदाराला आपल्या संशयाची लाज वाटली.

"तेच मागे लागले होते," लेक म्हणाली. "एकदाच कर, म्हणाले. जिंकलो तर शर्यती सोडून देईन. मला कळत होतं बाबा का नाही म्हणतात. तरी केलं." तिनं बापाकडे पाहिलं. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला. पण तुमच्यावर ढकललं की झोप लागायची."

उस्ताद घोडीवरचा टायर उतरवू लागला. लेकीनं त्याच्या दंडाला हात लावला. त्यानं तो बाजूला केला.

"तुला झोप लागली ना?" तो म्हणाला. "मला सहा महिने लागली नाही. आता तू घरी जा."

ती गेली. तो तिच्या मागे गेला नाही.