चौतीस सेंटिमीटर

मोटारसायकलच्या नव्या हँडलला खालच्या बाजूनं तीन भोकं होती, प्रत्येकी आठ मिलिमीटरची. डाव्या आणि मधल्या भोकाची कड कानशीनं घासून गुळगुळीत केलेली होती. उजव्याची तशीच राहिली होती, बोट फिरवलं तर कापेल अशी. ती ऋषिराज दुसऱ्या दिवशी घासणार होता. त्या दुसऱ्या दिवसाला सात वर्षं झाली होती.

सुप्रियानं ती घासली. फुंकर मारून भुकटी उडवली. मग टेपनं उजव्या भोकापासून मधल्या भोकापर्यंतचं अंतर वाकणासकट मोजलं. चौतीस सेंटिमीटर. बारामतीच्या एका कॉलेजात ती पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मोजल्याशिवाय तिचा हात पुढं जायचा नाही.

मे महिना होता, दुपारचे तीन. भवानीनगरातल्या त्यांच्या घरामागची पत्र्याची शेड तव्यासारखी तापली होती. गाळप बंद असल्यामुळं रस्त्यावर उसाची वाहनं नव्हती आणि पत्रा तडकल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

तिचा नवरा ऋषिराज साखर कारखान्यात फिटर होता. गाडीच्या वायरी बाहेरून लोंबलेल्या त्याला खपत नसत. स्विचच्या वायरी हँडलच्या पोकळीतूनच न्यायच्या, असं ठरवून त्यानं हे हँडल आणलं, भोकं पाडली, आणि तिसऱ्या दिवशी गाडी कालव्याच्या भरावावर उभी सापडली. किल्ली गाडीलाच होती. पाणी बंद करून कालवा पाहिला, मोऱ्या पाहिल्या. काही हाती लागलं नाही.

तो मेला असं मानावं, यासाठी कोर्टात द्यायचा अर्ज वकिलानं जानेवारीतच करून दिला होता. सोबत आईचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. ते कागद चार महिने भिंतीवरच्या घड्याळामागं खोचलेले होते. सुप्रिया आणि तिची सासू साखरबाई दिवसातून दहा वेळा त्या घड्याळात बघत आणि कागदांविषयी एक शब्द बोलत नसत. कॉलेजच्या फॉर्मवर नवऱ्याच्या नावापुढचा रकाना सुप्रिया दर वर्षी मोकळा सोडायची. आता त्याचं तिला वाईटही वाटत नसे. साखरबाई मात्र दर दिवाळीला लेकासाठी नवा करदोडा वळायची, काळ्या दोऱ्यात एक लाल पदर आणि शेवटी तीन वेढ्यांची गाठ. जित्या गड्याची कंबर मोकळी राहू नये, म्हणायची. करदोडा तोडतात तो एकदाच, माणूस गेल्यावर. घातले न गेलेले सात करदोडे देवळीत ठेवलेले होते.

हँडलचा विषय मात्र साखरबाईनंच काढला होता. त्याचं काम अर्धं राहिलंय तेवढं पुरं कर, म्हणाली होती.

दोऱ्याच्या टोकाला सेफ्टी पिन लावायची, एकीनं ती कडेच्या भोकातून आत सोडायची, हँडल कलतं करायचं. पिन घरंगळत मधल्या भोकाशी आली की दुसरीनं ती बाहेर काढायची आणि मग त्या दोऱ्याला वायरी बांधून ओढून घ्यायच्या.

"एवढी सायन्स शिकलीस," साखरबाई पाटावर बसत म्हणाली, "आन् नाडी ओवायला म्हातारीच लागली व्हय."

डावी बाजू दहा मिनिटांत झाली. फक्त बाहेर आलेली पिन गार होती. हँडल तर हातात धरवत नव्हतं. सुप्रियानं पिन दोन बोटांत धरून पाहिली आणि उजव्या भोकात सोडली.

दोऱ्यावर तिनं चौतीसला पेनानं खूण केली होती. खूण आत गेली.

"आली का?"

"न्हाय अजून."

दोरा कुठं अडकला नव्हता. तो सरळ, सावकाश जात होता, विहिरीत पोहरा सोडावा तसा. एक मीटर. दोन. आत गोळा होत असेल म्हणून तिनं हँडल हलवलं. काही वाजलं नाही. दहा मीटरचं रीळ अर्धं झालं, तेव्हा दोरा थांबला.

मग दोन झटके बसले. हलके, एकामागोमाग एक.

घराचं वायरिंग दोघांनी मिळून केलं होतं, तेव्हा ऋषिराज भिंतीपलीकडून असेच दोन झटके द्यायचा. थांब, म्हणून.

"आत्या, ओढू नका."

"मी कुठं ओढतीया? हितं काय आलंच न्हाय."

साखरबाईचे दोन्ही हात मांडीवर होते.

सुप्रिया दोरा मागं घेऊ लागली. पहिला दीड मीटर कोरडा होता. पुढचा ओला. बोटांना करडा गाळ लागला, आणि शेडमध्ये कालव्याचा वास आला, पाणी तोडल्यावर येतो तो.

शेवटी पिन आली. ती बंद होती. तिच्यात एक काळा दोरा अडकवलेला होता.

साखरबाईनं तो पदरानं पुसला. लाल पदर दिसला. तीन वेढ्यांची गाठ दिसली. दुसरं टोक तिनं डोळ्यांजवळ नेलं.

"कुजून तुटलेला न्हाय," ती म्हणाली. "रीतीनं तोडलाय कुणीतरी."

सुप्रियानं टेप उचलली. रिळाच्या दोऱ्याचा ओला भाग तीन मीटर साठ भरला. तिनं पुन्हा मोजला. तेवढाच.

साखरबाई उठली, घरात गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात कागद होते, त्यांच्यावर भिंतीचा चुना लागलेला. ते तिनं गाडीच्या सीटवर पसरले.

"सही कुठं करायची, दाव."