सिगारच्या खोलीतलं कोरडं मीठ

“हा सिगार नाही, सुकलेलं गवत आहे,” सुधीर वैद्य म्हणाले आणि नुकताच पेटवलेला सिगार त्यांनी राखेच्या भांड्यात दाबला. तेही चारचौघांत, मुद्दाम मोठ्यानं.

घोडबंदर रोडवरच्या टॉवरांमधला तो क्लब. तिथली सिगारची खोली म्हणजे पाहुण्यांना आधी दाखवायची जागा: काचेचं दार, लाकडी खण, भिंतीवर हवेतला दमटपणा सांगणारं बशीएवढं मीटर. सभासद आपापले परदेशी सिगार तिथे ठेवत. ते सांभाळायचं काम चार वर्षं कल्पिता म्हात्रेचं होतं.

मॅनेजर सलिल कर्णिक आवाज न चढवता बोलणाऱ्यांतला. त्यानं वैद्यांच्या खणातले चार सिगार टेबलावर मांडले.

“यांच्यावरचे कागदी पट्टे बघा. सगळे सरकलेत. कुणीतरी ते काढून नकली मालावर चढवलेत. खणांच्या चाव्या वापरतं कोण, हे मी सांगायला नको.”

मग त्यानं कल्पिताला बाजूला घेतलं आणि एक कागद पुढे केला. “सही कर आणि गुपचूप नोकरी सोड. पोलिसांत जाणार नाही मी.”

कल्पितानं वाचलं. चोरी केल्याची कबुली होती. रागानं तिचे कान तापले.

“न केलेल्या चोरीवर मी सही करत नाही, सर. पोलिसांना आत्ता बोलवा. हवं तर नंबर मी लावून देते.”

हे त्याच्या हिशोबात नव्हतं. “उद्या संध्याकाळी पाचपर्यंत विचार कर,” तो म्हणाला. तिच्याकडच्या चाव्या त्यानं काढून घेतल्या. ती रिक्षात बसेपर्यंत सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा निरोप पोचलासुद्धा: सिगार बदलल्याचा संशय, संबंधित कर्मचाऱ्यावर कारवाई. संबंधित म्हणजे कोण ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

कोपरीतल्या घरी तिनं पिशवी रिकामी केली. टिफिन, स्वेटर आणि खडेमिठाची मातीची वाटी. खोलीला नजर लागू नये म्हणून ही वाटी आईनंच कोपऱ्यात ठेवायला दिलेली. आईची, बायजाची, उमेदीची वर्षं मिठागरात गेलेली. मिठाशिवाय तिचं पान हलत नसे.

बायजानं पोरीची सगळी हकिकत ऐकली. ऐकता ऐकता वाटीतला एक खडा उचलून बोटांत चोळला.

“ह्या मीठ कवाचा गो?”

“गणपतीनंतर बदललंच नाय. महिना झाला.”

“आन् आदी?”

“आधी आठ दिवसांत पाणी सुटायचं. तूच नाय का भरून द्यायचीस?”

“मंग आता महिनाभर खडा सुका कसा? पोरी, तुजी खोली सुकलीय.”

“मीटर रोज अडुसष्ट टक्के दाखवतं, आई. बरोबर तेवढंच लागतं.”

“मंग त्या मीटरलाच इचार जा.”

कल्पिताला आठवलं. गेले काही दिवस सिगार दाबला की त्याचं तंबाखूचं पान चरचरायचं. तिनं सलिलच्या कानावर घातलंही होतं. “मीटर बघ आणि गप्प बस,” असं उत्तर मिळालेलं. आणि ती बसली, याचाच आता तिला संताप आला. सिगार कोरडा पडला की त्यातलं तेल उडतं, आणि तेलाबरोबर वास आणि चव. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिला हे शिकवलेलं.

आणि मीटर तपासायची पद्धतही शिकवलेली. झाकणभर बारीक मीठ घ्यायचं, चिखलासारखं होईल इतकं पाणी घालायचं, मीटरसोबत हवाबंद डब्यात ठेवायचं. सात-आठ तासांनी मीटरनं पंचाहत्तर दाखवायलाच हवं. डबा ठाण्यात ठेवा नाहीतर राजस्थानात.

रविवारी सकाळी आठला ती ओलं मीठ ठेवलेला डबा घेऊन क्लबच्या अध्यक्षांच्या, काळुराम भोईरांच्या दारात उभी राहिली. क्लब ज्या जमिनीवर उभा होता, तिथे एकेकाळी त्यांची भातशेती होती.

“भिंतीवरचं मीटर तुम्ही काढा, शेठ. डब्यात तुम्हीच ठेवा. कुलूप तुमचं, चावी तुमच्या खिशात. मी हात लावणार नाय.”

“मना त्यातला काय कलत नाय,” काळुशेठ म्हणाले. “पन पाच वाजेपरत माझ्या ऑफिसात रहील डब्बा. खोटी ठरलीस तं मी पन ऐकनार नाय हां.”

“नका ऐकू,” ती म्हणाली.

क्लबच्या मागच्या दाराशी रतन भेटला. साफसफाई आणि मालाची ने-आण त्याच्याकडे. सिगारच्या खोलीत दमट हवा सोडणाऱ्या मशीनला पाण्याचे कॅन तोच पुरवायचा.

“रतनदादा, कॅन किती दिवसांनी आणतोस?”

“आधी चार दिवसाला एक लागायचा. आता दहा-दहा दिवस पुरतो.”

“कधीपासून?”

“गणपतीपासून. तू सुट्टीवर गेलेलीस ना, तेव्हापासून.”

आगरी घरातली पोर गणपतीचे पाच दिवस कामावर येणार नाही, हे क्लबात सगळ्यांनी धरलेलंच असायचं.

“त्या पाच दिवसांत माझ्या खोलीत कोण जायचं?”

“चाव्या सरांकडे. आम्हाला झाडायला पण सोडलं नाय.”

“क्लबचा गणपती कसा झाला या वर्षी?”

“झकास. फक्त किचनचा मोठा फ्रिज दुसऱ्याच दिवशी बंद पडला.”

“मग ते खव्याचे मोदक? एकवीस किलो होते ना?”

“सरांनीच सांभाळले कुठेतरी. एक नाय बिघडला. हारसुद्धा ताजे. सगळ्यांनी कौतुक केलं सरांचं.”

दुपारी सुधीर वैद्य आले. आयुष्यभर रंगाच्या कारखान्यात दर्जा तपासलेला माणूस. कल्पिताला पाहताच त्यांनी मान फिरवली. ती हटली नाही, सरळ समोर जाऊन उभी राहिली.

“फक्त दोन प्रश्न विचारते, काका. चव कधी गेली?”

“गणपतीनंतर दोन-तीन आठवड्यांत.”

“एका दिवसात गेली?”

“नाही. आधी वास उणावला. मग चव फिकी, मग...”

“मी नकली माल ठेवला असता तर?”

“तर पहिल्याच झुरक्याला कळलं असतं,” ते सावकाश म्हणाले. “पण म्हणून मी तुझी बाजू घेईन असं समजू नकोस. मी पुराव्याची बाजू घेतो.”

“मग तुमचा खण उघडा. चावी तुमच्याकडेही आहे.”

वैद्यांनी स्वतःच्या हातानं खण पूर्ण बाहेर ओढला. मागच्या फटीत काहीतरी हिरवट-पिवळं अडकलं होतं. सुकलेल्या दुर्वांची जुडी, लाल दोऱ्यानं बांधलेली. कल्पितानं मोबाइलवर फोटो काढला आणि जुडी तिथेच राहू दिली.

पाच वाजता काळुशेठ डबा घेऊन सिगारच्या खोलीत आले. सलिल आधीच हजर होता. वैद्य आणि आणखी पाच-सहा सभासद कोचांवर बसले होते. रतन दाराशी उभा होता.

“सही करायचं ठरलं ना?” सलिलनं विचारलं.

“आधी डबा उघडू,” कल्पिता म्हणाली.

काळुशेठनी कुलूप काढलं. झाकण उघडताच वैद्यांनी वाकून आकडा वाचला. “एकोणनव्वद.”

“पंचाहत्तर हवं होतं. म्हणजे मीटर चौदानं जास्त सांगतंय. भिंतीवर अडुसष्ट दिसत होतं तेव्हा खोलीत खरं चोपन्न होतं. शेठ, मीटर उलटं करा. मागे एक स्क्रू आहे. कंपनी त्यावर लाल रंगाचा ठिपका लावून देते, स्क्रू फिरवला की तो फुटतो.”

“ठिपका फुटलाय,” काळुशेठ म्हणाले.

“मीटर जुनं झालं असेल,” सलिल म्हणाला. “स्क्रू तूही फिरवला असशील.”

“मीच फिरवला असं धरा. पण दमट हवेच्या मशीनचं पॅनेल? किती दमट ठेवायचं ते तिथे ठरतं. त्याची एकच चावी आहे, तुमच्याकडे. उघडा.”

“चावी घरी राहिली.”

“रतन, पकड आन,” काळुशेठ म्हणाले.

सलिलनं खिशात हात घातला आणि चावी काढून दिली. आतल्या छोट्या पडद्यावर आकडा होता. चोपन्न.

कल्पिता बोलू लागली.

“मी सुट्टीवर गेले. किचनचा फ्रिज बंद पडला. एकवीस किलो मोदक, हार, दुर्वा, एवढं ठेवायला सगळ्यात थंड खोली हीच. कर्णिक सरांनी सगळं इथे भरलं, आणि खणांवर रचताना दुर्वांची एक जुडी काकांच्या खणामागे पडली. ओले हार, पाणी मारलेल्या दुर्वा, पाच दिवस बंद दार. सिगारांवर बुरशी चढली.”

“बुरशी कुठे दिसली मला?” एका सभासदानं विचारलं.

“सरांनी एकेक सिगार फडक्यानं पुसला. काका, तुमचे पट्टे त्यामुळे सरकले. सिगार तेच होते, फक्त पुसलेले. मग पुन्हा बुरशी येऊ नये म्हणून सरांनी मशीन चोपन्नवर आणलं, आणि मला कळू नये म्हणून मीटरचा स्क्रू फिरवला. पाण्याचा कॅन दहा दिवस पुरायला लागला तो त्यामुळे. सिगार हळूहळू सुकले. तक्रारी आल्या तेव्हा दोष टाकायला कुणीतरी हवं होतं.”

“बुरशीचं कळलं असतं तर मला त्याच दिवशी काढलं असतं,” सलिल म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. “लाखोंचा माल होता. मला वाटलं, सगळं आपोआप जिरेल.”

“आणि नाही जिरलं तेव्हा मला चोर केलंत,” कल्पिता म्हणाली.

काळुशेठनी घसा खाकरला. “सलिलला मी बगतो. पोरी, तू उद्यापासना ये. पगार वाडवतो तुजा. विषय हितंच मिटवू, भायेर नको.”

“नाय शेठ. चोर मला ग्रुपवर केलं, साडेतीनशे लोकांसमोर. तिथेच सांगा. आणि यांनीच सांगायचं, यांच्या आवाजात.”

काळुशेठनी एकवार तिच्याकडे पाहिलं, मग सलिलकडे. “काड मोबाइल.”

सलिलनं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. “सर्व सभासदांना कळवतो की सिगारबाबत थोडा गैरसमज...”

“गैरसमज नाही,” कल्पिता म्हणाली. “तुम्हाला ठाऊक होतं. पुन्हा बोला.”

“सिगार माझ्या चुकीमुळे खराब झाले. मी ते लपवलं आणि एका कर्मचाऱ्यावर खोटा आळ घेतला...”

“‘संबंधित कर्मचारी’, ‘एक कर्मचारी’ पुरे झालं. मला नाव आहे.”

वैद्य कोचावरून उठून कल्पिताच्या शेजारी येऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा सलिलनं बटण दाबलं आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. मोदक, बुरशी, मीटर. शेवटी म्हणाला, “कल्पिता गुणाजी म्हात्रे हिनं काहीही चोरलं नाही. मी तिच्यावर जाणूनबुजून खोटा आरोप केला.”

“पाठवा,” ती म्हणाली.

खोलीतले मोबाइल एकामागून एक वाजले. वैद्यांनी आपला आवाज मोठा करून निरोप लावला. शेवटचा शब्द ऐकून होईपर्यंत कल्पिता ताठ मानेनं उभी होती.