बंगलीच्या छतावरची बांधी

"ताई, बगिच्यातल्या बंगलीच्या छतावर बगळे उभे हायेत! चांगले पाच-सहा!"

धाकट्या मोनाने सकाळी हे सांगितलं तेव्हा दामिनी उद्घाटनाच्या पताका चिकटवत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. "बगळे कुठंबी बसतेत, मोने. तू डिंक दे इकडं."

दुपारी मोना पुन्हा धावत आली, पण आता ती रडत होती.

"ताई, बंगलीचं दार उघडूनच नाही राहिलं! ललिताआजी आतमंदी झोपली हाये!"

लाखनीच्या तलावाकाठच्या बगिच्यातली ही जुनी बंगली कित्येक वर्षं वटवाघळांच्या ताब्यात होती. यंदा गावाने श्रमदान करून तिला सगळ्यांची जागा करायचं ठरवलं होतं. एका खोलीत मुलांची पुस्तकं, दुसरीत बायांच्या शिलाई मशिनी, ओसरीवर म्हाताऱ्यांसाठी बाक! उद्या उद्घाटन होतं. बगिचा झाडणारी ललिताआजी मात्र आजपासूनच तिथल्या थंडगार फरशीवर दुपारची डुलकी काढत होती. ती एकटीच राहायची आणि तिला जवळजवळ ऐकूच यायचं नाही.

दामिनी पळाली. वाटेत तिचा वर्गमित्र भुपेंद्र भेटला, तोही मागोमाग धावला. तिघांनी मिळून दाराला खांदे लावले. काल बोटाने उघडणारं दार आज वरून दाबल्यासारखं घट्ट बसलं होतं!

भुपेंद्रने खिडकीच्या गजांतून आत पाहिलं आणि बोट वर केलं. "दामिनी… ते तुळई पाहा."

छताची मधली तुळई जुन्या खाटेसारखी खाली झोळली होती. पांढरी भुकटी भुरुभुरु गळत होती. आणि तिच्या खाली, हाताची उशी करून, आजी शांत झोपली होती!

कट्ट! लाकूड कुठेतरी तडकलं.

"आजी! ओ आजी! ऊठ!" तिघंही घसा फाटेस्तोवर ओरडले. आजी हललीसुद्धा नाही. शेवटी मोनाने पायातली चप्पल काढली आणि गजांतून नेम धरून भिरकावली. ती बरोबर आजीच्या पाठीत बसली.

"कोन्त्या मेल्यानं मारली रे?" आजी ताडकन उठली. वर पाहताच तिचा राग पळाला. तिने दार ओढलं, पुन्हा ओढलं, मग दोन्ही हातांनी बडवलं. दार जागचं हललं नाही.

दामिनीने हातवारे करून तिला खिडकीच्या कोनाड्यात बोलावलं. भिंत तिथे चांगली रुंद होती. आजी अंग चोरून गजांना धरून उभी राहिली.

"पण छत आजच कायले वाकलं?" भुपेंद्र म्हणाला.

दामिनी एकदम थिजली. "बगळे! भुप्या, बगळे पाण्यात उभे राहतेत! वरती पाणी भरलं हाये!"

तिघांनी वर पाहिलं. छतावरचं पाणी खाली सोडणाऱ्या पन्हाळी बारदान आणि चिखल कोंबून बुजवल्या होत्या.

"मी चढतो वरती!"

"खबरदार! त्या छतावर आणखी तुझं वजन टाकतं का? तू मोठ्या माणसायले बोलाव!"

भुपेंद्र समोरच्या मांडवाकडे सुटला. तिथे सतरंजीवर सभा चालली होती. बंगलीच्या दुरुस्ती समितीचे प्रमुख इश्वरभाऊ माईकवरून बोलत होते.

"भाऊ, बंगली पडाले आली! आजी आत अडकली!"

"अरे, माह्या आज्याच्या वेळची बंगली ते! आता काय पडते? जा पोट्टेहो, तिकडं खेळा!" सगळा मांडव हसला. माईक पुन्हा घुमू लागला.

भुपेंद्र रडवेला होऊन परतला. "कोणीच ऐकून नाही राहिलं!"

दामिनीने बंगलीकडे पाहिलं, मग मांडवाकडे. जमीन बंगलीकडून थेट मांडवाकडे उतरत होती.

"ऐकत नाहीत ना? मंग भिजतीन! भुप्या, फावडं घे, मांडवाकडं पाट काढ. मोने, तू माईकची पिन काढून ये! पाणी यायच्या आधी, समजलं? वायर खालीच पडली हाये!"

मोना वाऱ्यासारखी गेली. माईक एकदम मुका झाला. त्याच क्षणी दामिनीने चिंचा पाडायची लांब आकडी पन्हाळीत घातली आणि सगळं अंग मागे टाकून ओढली. निघेना! पुन्हा ओढली. बारदानाचा बोळा फटकन सुटला आणि गढूळ पाण्याचा लोंढा धो धो कोसळला. भुपेंद्रच्या पाटातून तो सरळ सतरंजीत घुसला!

"अरे अरे! माहं धोतर!"

"कोन्त्या पोट्ट्यानं पाणी सोडलं? धरा त्याले!"

सगळी मंडळी चिखल तुडवत बंगलीकडे धावली. दामिनी पळाली नाही. तिने खिडकीकडे बोट दाखवलं.

"मंग मारा मले! आधी आजीले काढा!"

गजांमागून दोन सुरकुतलेले हात बाहेर आले होते. गोपीचंद मिस्त्रीने वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"भाऊ, छतावरचा नवा कोबा पक्का व्हाले त्याच्यावर नुसतं ओलं बारदान टाका म्हटलं होतं ना मी?"

"रोज कोण भिजवीन?" इश्वरभाऊ चाचरले. "धानाची कापणी चालू हाये. म्हणून चिखलाचा बांध घातला, पन्हाळी बुजवल्या अन् रातभर मोटर सोडली. मले वाटलं, जेवढं पाणी तेवढं काम पक्कं."

"छत हाये भाऊ ते! पाणी तुंबवाले धानाची बांधी नोहे!"

कट्ट! कट्ट!

"मागची खिडकी!" मिस्त्री ओरडला. "तिची चौकट अजून नुसत्या लाकडी पाचरीवरच टेकली हाये!"

सगळे मागे धावले. दामिनीने आजीला भिंतीला चिकटून मागे यायची खूण केली. हातोड्याचे घाव पडले, पाचरी उडाल्या, चौकट ओढून काढली. आजी अर्धी बाहेर आली आणि थांबली. "माहा खराटा आत राहिला!"

"राहू दे वं खराटा!" इश्वरभाऊंनीच तिला उचलून बाहेर घेतलं.

माणसं चार पावलं मागे सरतात न सरतात तोच मधलं छत धाडकन खाली आलं. धुळीचा लोट झाडांच्या वर गेला.

धूळ बसली तेव्हा इश्वरभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "पोरायनो, आज तुमी नसते तर मी या गावात तोंड दाखवू शकलो नसतो. बंगली आपण पुन्हा बांधू. या वेळी मिस्त्री सांगन तसंच! अन् फीत तुमी तिघं कापसान."

"शाबास रे पोट्टेहो!" मिस्त्रीने भुपेंद्रच्या पाठीवर अशी थाप मारली की तो खोकलाच. आजीने मोनाचा कान धरला, मग तिला पोटाशी घेतलं.

दामिनी मात्र रिकाम्या मांडवाकडे पाहत होती. एवढा मोठा मांडव माणसांनी भरला होता, पण आजी कुठे आहे, हे एकानेही विचारलं नव्हतं.

तुमच्याही गल्लीत असं कोणी असेल. एकटं राहणारं, हाक ऐकू न येणारं. हे पुस्तक जरा खाली ठेवा आणि त्यांच्या दारात जाऊन या. आणि हो, नुसती हाक मारून परतू नका. त्यांचा चेहरा दिसेपर्यंत तिथेच थांबा.