अथमानने आत घेतलेला पाहुणा

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते, त्याने माझ्या घरी यावं, माझ्या भावाचा गळा बघावा आणि मग मला शहाणपण शिकवावं.

मी किबीबी. मोम्बासाला शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी लामू बेटावर पुस्तकांचा मेळा होता. माझा धाकटा भाऊ अथमान तिथे शनिवारी आपल्या पहिल्या पुस्तकातलं वाचणार होता. आम्ही आदल्या दिवशीच पोचलो आणि म्वानातुमू मावशी नावाच्या घरमालकिणीच्या जुन्या घरात भाड्याने खोली घेतली.

शुक्रवारची दुपार. गावातले पुरुष मशिदीत. गल्लीतली गाढवंसुद्धा गप्प.

अथमान मात्र कागद घेऊन बसलेला.

"नमाज बुडवून वाचन चाललंय! आईला कळलं तर पुस्तक चुलीत घालेल," मी म्हणाले.

"त्यासाठी आधी विकत घ्यावं लागेल तिला!" तो खिदळला.

मी खवणीवर नारळ खवत होते. आणि तेवढ्यात...

"होदी..."

आमच्याकडे दारात उभं राहून अशी हाक देतात. आतून 'करिबू', म्हणजे 'या', असं आलं की मगच पाहुण्याने पाऊल टाकायचं. हे बोलणं लहानपणापासून जिभेवर बसलेलं असतं.

पण हाक बाहेरून आली नव्हती.

ती मागच्या कोठीतून आली होती. कोठीच्या दाराला आमच्या बाजूने अडसर होता. आत खिडकीही नव्हती.

माझा हात जागच्या जागी थांबला.

"होदी..."

मी ओरडणार, तोच अथमान मान वर न करता, सवयीने म्हणाला, "करिबू, करिबू!"

अडसर कडकन मोडला.

दार उघडलं. आत... कुणीच नव्हतं.

आणि अथमान वर उचलला गेला. गळ्याला धरून! पाय हवेत झाडत होता बिचारा. त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. परत आपटलं. पांढऱ्या चुन्यावर रक्त उडालं. त्याच्या गळ्यात बोटांचे खड्डे पडत होते, पण बोटं दिसत नव्हती.

"सोड त्याला, मुडद्या!"

मी खवणी उचलून त्याच्यासमोरच्या हवेत हाणली. पातं कशात तरी खचकन रुतलं. पुढच्याच क्षणी मला कुणीतरी भिरकावलं. दोन दात तिथेच पडले.

आवाज ऐकून म्वानातुमू मावशी धावत आली. उघडी कोठी पाहून तिने कपाळावर हात मारला.

"या मेल्याला कुणी बोलावलं?"

"अथमानने. चुकून!"

"मग त्यालाच तोंडाने 'जा' म्हणू दे. दुसऱ्या कुणाचं हा ऐकत नाही."

"आधी सांगायला काय धाड भरली होती तुला?"

"अगं, माझ्या आजीनंतर कुणी हाक ऐकली नव्हती! मला वाटलं, गेला असेल..."

"अथमान, म्हण! जा म्हण!"

त्याने तोंड उघडलं.

आवाज नाही... नुसते रक्ताचे बुडबुडे.

नमाज संपायच्या सुमारास त्या न दिसणाऱ्या हातांनी अथमानला खाली टाकलं. त्याचा गळा आतून चेपला होता. डॉक्टरांनी जीव वाचवला, वाचा गेली. मी त्याला मोम्बासाला घरी आणलं.

तोही आमच्याबरोबर आला.

दर शुक्रवारी दुपारी अथमानच्या खोलीतून धपाधप आवाज येतात. कधी बरगडी मोडते, कधी नख उपटलेलं असतं. मी त्याला मिठी मारून बसते, तरी तो पाहुणा माझ्या मिठीतून त्याला खेचून मारतो. मला मात्र घरी आल्यापासून कधी बोटही लावलेलं नाही. मला वाटायचं, मला भितो. मूर्ख मी!

गेल्या महिन्यात अथमानचा आवाज परत आला. घोगरा, तुटका. पहिला शब्द "ताई". मी ढसाढसा रडले.

"आता म्हण रे! 'जा' म्हण आणि सूट एकदाचा!"

त्याने मान हलवली.

"वेड लागलंय का? मरशील अशाने!"

"मी म्हटलं, तर तो जाईल, ताई..."

तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यामागे बघत होता.

"पण रिकाम्या हाताने जाणार नाही, म्हणतो. तुझ्या मानेवर हात ठेवून उभा आहे..."

मी रोज भावाच्या पाया पडते. म्हणते, माझं काय व्हायचं ते होऊ दे, तू बोल. तो ओठ घट्ट मिटून घेतो.

उद्या शुक्रवार आहे.