मीनाक्षीबाईंच्या साडीवरची लाल फुली

हरिकृष्ण लावण्याला पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्याच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका तिच्या आईच्या साडीवर फिरत होता.

साडी पडद्यावर होती. जुनी, विटक्या जांभळ्या काठांची, गच्चीवर अंथरलेली. तिच्यावर वडमांच्या, म्हणजे तांदळाच्या पापड्यांच्या, रांगा, कोपऱ्यात एक कावळा आणि सगळ्यावर भलीमोठी लाल फुली. कृषी विद्यापीठाच्या विस्तार केंद्राने कुंभकोणमच्या बायकांसाठी उन्हाळी पदार्थांचं शिबिर भरवलं होतं, आणि हा नवा अधिकारी साठ बायकांना तमिळमध्ये सांगत होता, "वाळवण असं कधीच घालू नये. धूळ, माश्या, कावळे..."

बायका हसल्या. आईला न्यायला आलेली लावण्या दारातच थबकली. पुढच्या रांगेत मीनाक्षीबाई मान खाली घालून बसल्या होत्या. चाळीस उन्हाळे वडम घातलेली बाई, आणि तिने मान खाली घालायची! लावण्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशी तिला आग लागायला फार काडी लागत नसे, पण आज तिचं काहीही चुकत नव्हतं.

सत्र संपताच तिने त्याला जिन्यात गाठलं. "फोटो कुठून काढलात?" तिने तमिळमध्ये विचारलं.

"केंद्राच्या पाण्याच्या टाकीवरून."

"उंटावरून शेळ्या हाकतो मेला," ती घरच्या तंजावरी मराठीत पुटपुटली.

"उंट नव्हता," तो मराठीतच म्हणाला. "टाकीच होती."

घारे डोळे, कपाळावर घाम, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू... तेही आवरत नव्हतं मेल्याला. आपल्यातलाच निघाला, म्हणून ती दुप्पट चिडली.

"तुमची आई वडम कुठें घालत्ये?"

"तंजावरास... गच्चीवरच." हसू मावळलं. "पण मी नांव कुणाचें घेतलें नाहीं."

"साडीस नांव लागतें काय? सारी गल्ली ओळखत्ये ती."

त्यानंतर आठ दिवस मीनाक्षीबाई गच्चीवर गेल्या नाहीत. ऐन चित्रै महिन्याचं ऊन फुकट चाललं होतं आणि दळून ठेवलेलं पीठ डब्यात तसंच होतं. "आतां कशास घालूं? दुकानांत मिळतात," एवढंच त्या म्हणत. आईचं हे थंड बोलणं लावण्याला सगळ्यात जास्त टोचलं. आईने चिडावं, भांडावं, पण हे असं विझून जाऊ नये.

नवव्या दिवशी, रविवारी, हरिकृष्ण दारात उभा राहिला. "माफी मागाया आलों."

"अपमान साठ जणींसमोर, आणि माफी उंबऱ्यांत?"

"नोकरी कराराची आहे. ती फुली मोठ्या साहेबांनीं मारली, मी नुसतें..."

"तें तुम्ही बघा. आधीं गच्चीवर बसा."

लावण्याने त्या दिवशी स्वतःच वाकडेतिकडे वडम घातले होते, त्याच साडीवर. त्याच्या हातात काळी छत्री देऊन तिने त्याला कावळे राखायला बसवलं. ऊन चढलं तशी जमीन भाजायला लागली. दुपारी ती ताक घेऊन वर गेली, तर हरिकृष्णसाहेबांचा गाल फुगलेला.

"काय खातां?"

"अर्धें वाळलेलें वडम," तो ओशाळून म्हणाला. "लहानपणीं चोरायचों..."

"राखणदार बसविला कीं कावळा?"

तो हसला. तीही हसणार होती, पण तिने वेळीच राग आठवला. "आई ही साडी आधीं उकळत्ये. पहाटे चारास पीठ शिजवत्ये. संध्याकाळपर्यंत इथें, ह्या उन्हांत बसत्ये. पाणी प्यायास एकदां खालीं जात्ये, आणि तुम्ही नेमका तेव्हांचा फोटो काढलांत. विचारलांत तरी?"

"नाहीं," तो म्हणाला. ताक तसंच हातात राहिलं. "विचाराया हवें होतें."

पुढच्या शनिवारी शिबिराच्या दुसऱ्या सत्राला लावण्या आईला जवळजवळ ओढतच घेऊन गेली. पडद्यावर तीच साडी आली. फुली नव्हती. खाली नाव होतं, मीनाक्षीबाई. मोठे साहेब शेजारी बसलेले असताना हरिकृष्णाने सांगितलं, की चूक त्याची होती. मग त्याने साडी उकळण्यापासून सगळं सांगितलं, आणि वर म्हणाला, "धुळीसाठी पातळ जाळी घालावी असं मला वाटतं. पण ते मीनाक्षीबाईंना विचारून." साहेबांचा चेहरा आंबट झाला. मीनाक्षीबाई हळूच उभ्या राहिल्या. "जाळी चालेल," त्या म्हणाल्या. "पण उंच बांधा. वडमास वारा हवा."

सोमवारी पहाटे चारला लावण्याला स्वयंपाकघरातून पीठ ढवळल्याचा आवाज आला आणि ती अंथरुणातच रडली.

मंगळवारी वडम सोडवायचे होते. साडीला मागून पाणी शिंपडलं. एक टोक लावण्याने धरलं, दुसरं हरिकृष्णाने, आणि मीनाक्षीबाई मधून एकेक वडम सोडवू लागल्या.

"राग गेला?" त्याने हळूच विचारलं.

"नाहीं."

"बरें झालें. गेला, तर मला कोण बोलावील इथें?"

"करार वाढला नाहीं तर?"

"तंजावर किती लांब... बसनें येईन. कावळे राखाया."

"नुसते कावळे?"

त्याने साडीचं टोक हाताला एक वेढा देऊन गुंडाळलं आणि एक पाऊल पुढे आला. "नाहीं," तो म्हणाला. "तुमच्यासाठीं. तुम्ही भांडाल तरी."

"भांडेनच," लावण्या म्हणाली, आणि तिनेही एक वेढा घेतला.

मीनाक्षीबाई वडमांची परात कमरेवर घेऊन जिन्यापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"साडी कधींची रिकामी झाली," त्या म्हणाल्या. "कशास धरलीत अजून?"