केनवडहून निघालेला आवाज

कारंज्यात एकतीस वर्षं मी गाड्यांना टेप बसवतोय. आता त्याला म्युझिक सिस्टीम म्हणतात, पण माझ्या तोंडी टेपच आहे. हल्लीच्या गाड्यांत मला फारसं काम उरलेलं नाही. पडद्यावर बोट लावलं की मोबाईल आपोआप जोडला जातो आणि मालकाला वाटतं आपण मोठा तीर मारला. जोडणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नाही. वायर सोलायची, पिन घासायची, डेकला कान लावून खरखर कुठून येते ते शोधायचं... असो. म्हाताऱ्याचं रडगाणं कोण ऐकतं! तुम्ही विषय काढलात म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो.

गेल्या वैशाखातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास सुप्रिया तिच्या वडलांची पांढरी ओम्नी घेऊन दुकानासमोर उभी राहिली. तिचे वडील म्हणजे पंजाबराव. गावाबाहेर त्यांचा भाजीचा मळा. मेथी, कोथिंबीर, वांगी गाडीत भरायची आणि बाजाराच्या दिवशी पार केनवडपर्यंत न्यायची, हा त्यांचा उद्योग. केनवड त्यांचं मूळ गाव. बाजाराचं निमित्त, खरं म्हणजे बहिणीच्या हातची भाकर खायची असायची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, म्हणून मी भाऊ म्हणायचो, पण दोस्तीच होती. त्या ओम्नीत पहिला कॅसेटचा डेक मी बसवला, मागे चार मोठे स्पीकर मी बसवले. एकदा पोहरादेवीच्या यात्रेत गर्दीत गाडी चार तास अडकली आणि गाडीत कॅसेट एकच. तिच्या दोन्ही बाजू आम्ही इतक्या वेळा उलटल्या की शेवटी फीत तुटली. मग पंजाबराव स्वतःच गायले. त्यापेक्षा फीत परवडली असती.

त्या वैशाखाच्या आठ महिने आधी ते केनवडला गेले आणि बहिणीच्या घरी झोपेतच गेले. भावकीनं तिथंच, मूळ गावी, सगळं उरकलं. त्यांच्या बायकोला, तुळसावहिनींना, तिकडेच नेलं होतं. गाडी तेवढी परत आली, पंजाबराव काही कारंज्याच्या घरी परत आले नाहीत.

सुप्रियानं माझ्या हातावर काडेपेटीएवढा गाणी वाजवायचा प्लेअर ठेवला. मी ओळखला. कॅसेटी मिळेनाशा झाल्या तेव्हा मीच तो त्यांना वाशीमहून आणून दिला होता. पेन्सिल सेलवर चालायचा, आवाज रेकॉर्डही करायचा. तीच पंचाईत होती. पंजाबराव गाणं बदलायला म्हणून बटण दाबायचे ते नेमकं रेकॉर्डिंगचं. मग गाण्यांच्या मधेमधे त्यांचा खोकला, गाडीचा हॉर्न, गिऱ्हाइकाशी घातलेली हुज्जत. मी हसायचो, ते मला शिव्या घालायचे.

सुप्रियाला तो गाडीच्या खणात सापडला होता. आत एकच फाईल उरली होती, वीस-बावीस सेकंदांची. कधीची तरी जुनी. गाडी चालवता चालवता घरी फोनवर बोललेले तेवढे चार शब्द. पण कॉम्प्युटरला जोडायची यूएसबीची जीभ मोडलेली, आणि मोबाईल जवळ धरून तिनं उतरवून पाहिलं तर नुसतीच खरखर आली. तिच्या आईला आता ऐकू कमी येतं. कानातल्या मशीनवर इअरफोन लावला की मशीन शिट्टी मारते. फक्त या गाडीतल्या स्पीकरवर त्यांना नीट ऐकू यायचं. तेव्हा हा प्लेअर या डेकला जोडून द्या, एवढंच तिचं काम होतं. उद्या आईला घेऊन येते म्हणाली, गाडी ठेवून शाळेच्या निकालाच्या कामाला गेली.

डेक जुना, त्याला वायर लावायला भोकच नाही. पण माझ्याकडे एका खोक्यात वायरवाली कॅसेट होती. दिसायला कॅसेट, आत फीत नसते. ती डेकमध्ये ढकलायची, शेपटीसारखी वायर बाहेर येते, तिची पिन प्लेअरला लावायची. एके काळी अशा शंभर लावल्या असतील. कॅसेट आत सरकली आणि डेकनं तो ओळखीचा खट् आवाज केला. माणूस जातो पण त्याच्या गाडीतला डेक तसाच खट् करतो.

प्लेअर सुरू केला. आधी इंजिनाची घरघर. मग खोकला. मग तो भरडा आवाज.

"हां... केनवडहून निघालो. माल गेला सगळा. ...हो ना बाप्पा, सावकाशच. येतो."

मी वायरीला चिकटपट्टी गुंडाळत होतो. मान खालीच. आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "या भाऊ, या."

काय चुकलं त्यात? एकतीस वर्षं उंबऱ्याशी कुणी येतो म्हटलं की आपण या म्हणतो. विचार करून थोडंच म्हणतो?

आवाजात घरघर जास्त होती म्हणून मी अर्थिंगची वायर बदलली आणि जेवून आल्यावर पुन्हा लावून पाहिलं.

"रिसोड सोडलं. ऊन लय हाये. येतो."

मला वाटलं दुसरी फाईल असेल. प्लेअरच्या इवल्याशा पडद्यावर पाहिलं. एकच फाईल. सकाळी आपण नीट ऐकलं नसेल, अशी मनाची समजूत घातली. चारच्या सुमारास पुन्हा लावलं. तेव्हा ते वाशीमच्या पुढे आले होते. मी पिन उपटून काढली आणि त्या दिवशी गाडीत पुन्हा बसलो नाही. बाहेर लख्ख ऊन, समोर एसटी स्टँडवरचा कलकलाट, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, आणि मला हुडहुडी भरलेली. असं कुणाला सांगायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी दुपारी सुप्रिया आईला घेऊन आली. काम झालं नाही असं सांगायचं मी ठरवलं होतं. पण तुळसावहिनी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, त्यांच्या नेहमीच्या जागी, पदर नीट केला आणि डेककडे बघत राहिल्या. त्यांना कसं परत पाठवणार? मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून पिन लावली, सुप्रिया माझ्या बाजूच्या दाराशी उभी होती.

"मंगरूळ गेलं मांगं. ...हो, घेतलं, तुह्यासाठी पेढे घेतले. येतो."

वहिनी हलल्या नाहीत. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही. सुप्रिया माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाली, "काका, यात तर केनवड होतं ना..." मी ओठांवर बोट ठेवून तिला थांबवलं.

मग वहिनी बोलल्या. इतकी वर्षं ओळखतो, पण त्या माझ्याशी सलग एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

"जगदेवभाऊ, त्या दिवशी आमचं भांडण झालतं. अंगात ताप, अन् हे गाडी घेऊन निघाले. मी म्हणलं, कायले जाता? तर रागानं म्हणाले, जातो. येतो नाई म्हणलं त्याइनं. जातो म्हणलं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "अन् मी बी म्हणलं, जा."

आपल्यात कुणी जातो म्हणून घराबाहेर पडत नाही. तेवढ्या एका शब्दापायी ही बाई आठ महिने झोपली नव्हती. तिला नवऱ्याची गाणी नको होती, फोटो नको होते. त्यांच्या तोंडचा एक येतो हवा होता, म्हणजे तिला या म्हणता आलं असतं.

"अजून एक डाव लावा," त्या म्हणाल्या.

माझा हात उचलेना. मंगरूळ मागे गेलं म्हणजे आता पुढे फक्त कारंजा. मी म्हणालो, वहिनी, सेल उतरलाय, राहू द्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ऐकू कमी येणारी माणसं चेहरा फार चांगला वाचतात.

"त्याइले रस्त्यात नका सोडू, भाऊ."

मी बटण दाबलं. इंजिनाची घरघर आली, पण तिच्यात आता आमच्याच स्टँडवरचा कलकलाट होता. रसवंतीची घुंगरं होती.

"कारंज्यात आलो. ...नाई, घरी कसा येऊ? जगदेवनं बलावलं ना. त्याच्या दुकानापाशीच हावो."

त्यानंतर टेपमधलं इंजिन बंद पडलं. दार सरकल्याचा आवाज झाला. तो टेपमधला होता की आपल्या गाडीचा, ते मला आजही सांगता येत नाही. ओम्नी मागच्या बाजूला हळूच दबली, भाजीची पोती टाकल्यावर दबायची तशी. आणि त्या भर वैशाखात गाडीभर ओल्या कोथिंबिरीचा वास सुटला... कोथिंबीर आणि विडी.

सुप्रियानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मागं वळून बघायची हिंमत दोघांनाही नव्हती. वहिनी मात्र समोरच बघत होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुमी त्याइले या म्हणलं का?"

मी मान डोलावली. ज्या शब्दासाठी ही बाई तळमळत होती, तो मी चिकटपट्टी गुंडाळता गुंडाळता उधळून टाकला होता. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं झालं. कोनी तरी म्हणलं. आता घरापर्यंत तुमीच आणून सोडा."

गाडी मी चालवली. सुप्रिया दुकानातच थांबली. मागच्या सीटवर बसायला ती तयार नव्हती, आणि मी तिला दोष देत नाही. तीन-चार किलोमीटरचा रस्ता. त्या रस्त्यानं मी आणि भाऊ किती वेळा गेलो असू, मागे स्पीकर धडधडतायत आणि पुढे दोघं बेसूर ओरडतोय. भीती होती, खोटं कशाला बोलू? पण त्या वासानं मला आमचे सगळे दिवस एकदम आठवले, आणि वाटलं, रस्ता जरा लांब असता तरी चाललं असतं.

मळ्यातल्या घराशी वहिनी उतरल्या. पायरी चढून उंबऱ्याच्या आत गेल्या, वळल्या, गाडीकडे तोंड केलं. मग स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "या."

गाडीचा मागचा भाग वर उचलला गेला. वास माझ्या शेजारून पुढे गेला, पायरीवर क्षणभर रेंगाळला आणि आत गेला. बस, एवढंच झालं.

मी किल्ली वहिनींच्या हातात दिली. पाणी प्या म्हणाल्या, तर ओसरीवर बसून तांब्याभर प्यालो. त्यांनी कानातली मशीन काढून ओंजळीत धरली होती, चेहरा आठ महिन्यांत पहिल्यांदा सैल झाला होता. मलाही बरं वाटलं. आपल्या चुकीचं चांगलं झालं म्हणत मी उठलो, चपला घातल्या, आणि पुन्हा तेच. सवय.

"येतो, वहिनी."

त्यांना ऐकूच गेलं नाही. मशीन हातात होती. उत्तर आतल्या खोलीतून आलं. आधी एक खोकला, मग सावकाश, मायेनं...

"ये, जगदेव."

भर उन्हात मी तिथून दुकानापर्यंत चालत आलो.

सुप्रिया अधूनमधून भेटते. आई बरी आहे म्हणते. जेवते, झोपते, संध्याकाळी आतल्या खोलीत बसून कुणाशी तरी जुन्या गाडीवरून भांडते, आणि भांडण झाल्यावर हसते. मला बोलावलंय, असंही सांगते. मी कामाचं कारण देतो.

प्लेअर माझ्याकडेच राहिला. कॅसेटची वायर काढताना तो खिशात टाकला होता, द्यायचा विसरलो. आठवड्यानं सापडला. परत करण्याआधी पंजाबरावांचा आवाज त्यात अजून आहे का, एवढंच पाहावं म्हणून इअरफोन लावला. फाईल तेव्हाही एकच होती. पण पंजाबराव त्यात नव्हते. स्टँडवरचा कलकलाट होता, शटर ओढल्याचा आवाज होता, आणि मग माझा आवाज, जे मी कधीच बोललो नाही ते बोलणारा.

"दुकान बंद केलं, भाऊ. निघालो. येतो."

सेल काढून ठेवलाय. दुसऱ्यांदा लावून पाहिलेलं नाही. मी कुठपर्यंत पोचलोय, ते मला ऐकायचं नाही.